‘स्वखुशीने’ : एका शब्दाची उलटतपासणी

१

सत्तावीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवले. त्यातली निदान वीस वर्षे ‘शारदा’ कधी अभ्यासक्रमात होते, कधी नव्हते. पण मी ते शिकवत राहिले. नाटक मला पाठ आहे असे मी समजत होते. दोन वर्षांपूर्वी एका व्याख्यानासाठी ते पुन्हा वाचायला काढले आणि त्याच आठवड्यात कपाट आवरताना एक जुना कागद हाती लागला. १९९६ च्या दिवाळीनंतर मी आणि माझ्या आईने माझ्या धाकट्या भावाला लिहून दिलेले हक्कसोडपत्र होते ते. टंकलेखन यंत्रावर छापलेली साडेतीन पाने, शिक्के, आमच्या सह्या, अंगठे.

नाटक वाचून झाले होते, म्हणून हक्कसोडपत्रही तशाच सवयीने वाचू लागले. कोण बोलते आहे, कोणाशी बोलते आहे, कोणता शब्द दोनदा आला आहे. ‘स्वखुशीने’ हा शब्द साडेतीन पानांत चार वेळा आला होता. वर्गात एखाद्या पात्राने एकच गोष्ट चार वेळा सांगितली की मी मुलांना विचारत असे, हे पात्र कोणाची खात्री पटवते आहे? हाच प्रश्न मला स्वतःच्या सहीपुढे पडला. हा लेख त्या प्रश्नातून निघाला आहे.

मला मांडायचे आहे ते थोडक्यात असे. विवाह, काडीमोड, वारसा यांविषयीच्या आपल्या कायद्यात आणि त्यावरच्या आपल्या साहित्यात बाईचा होकार जागोजागी नोंदलेला सापडतो. तिचा नकार मात्र दप्तरी लागत नाही. तो प्रेक्षकांना ऐकू येतो, वाचकांना ऐकू येतो. निर्णय होतो तो दुसऱ्याच कुठल्या तरी कारणावर. आणि त्या निर्णयाने आपले समाधान झाले की तिने काय म्हटले होते, हे आपण विसरून जातो.

२

सुरुवात रखमाबाईंच्या खटल्यापासून करावी लागते. हा खटला सर्वांना ठाऊक आहे. मी तो फक्त एका अंगाने पाहणार आहे.

रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी झाले. त्या नांदायला गेल्या नाहीत. आई जयंतीबाई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहून शिकत राहिल्या. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. इंग्रजी कायद्यात या दाव्याला जे नाव होते, त्याचे मराठी ‘दाम्पत्यहक्कांची पुनःस्थापना’ असे झाले. बोलीत त्याला आजही ‘नांदायला येण्याचा दावा’ म्हणतात. ‘नांदणे’ या क्रियापदात सुख गृहीत धरलेले आहे. नांदती घरे, नांदती गावे आपण म्हणतो. त्याच क्रियापदाला समन्स जोडले की काय होते ते या खटल्यात दिसले.

१८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दादाजींचा दावा फेटाळला. हा रखमाबाईंच्या नकाराचा विजय होता, असे आपण म्हणतो. पण निकालाचा आधार पाहावा. हे दोघे लग्नानंतर कधी एकत्र राहिलेच नाहीत, तेव्हा ‘पुनः’स्थापना कशाची, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. म्हणजे रखमाबाई जिंकल्या त्या एका उपसर्गावर. मला हा नवरा मान्य नाही, माझे लग्न मला कळायच्या आत लावले गेले, हे त्यांचे म्हणणे न्यायमूर्तींच्या सहानुभूतीला पात्र ठरले. पण निकालाचे कारण म्हणून त्याला स्थान मिळाले नाही. आणि उपसर्गावर जिंकलेली बाजू उपसर्गावरच हरली. १८८६ मध्ये अपिलात सरन्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी तो निकाल फिरवला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी आदेश दिला की महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. ‘केसरी’ने दादाजींची बाजू घेतली, सुधारकांनी रखमाबाईंची. १८८८ मध्ये तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी आदेशाची अंमलबजावणी सोडून दिली.

अखेर रखमाबाईंना मोकळे केले ते पैशाने. या दोन हजारांची आठवण लेखाच्या शेवटी पुन्हा येईल.

त्यांनी आपला नकार स्पष्ट शब्दांत मांडला तो न्यायालयाबाहेर. ‘टाइम्स ऑफ इंडिया’त १८८५ साली ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने त्यांची पत्रे आली. ती इंग्रजीत होती आणि नावाशिवाय होती. मराठी बाईचा लग्नाविषयीचा एवढा परखड मजकूर तिच्या स्वतःच्या नावाने, तिच्या स्वतःच्या भाषेत छापला गेला नाही. याच्या तीनच वर्षे आधी, १८८२ मध्ये, ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ आपल्या नावाने आणि मराठीत लिहिली होती. पुढे त्यांचे दुसरे पुस्तक आले नाही. ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली की त्या काळी नकाराची काय किंमत पडत होती याचा अंदाज येतो.

आणखी एक तपशील बहुधा सुटतो. या खटल्याला मालमत्तेची बाजू होती. रखमाबाईंचे वडील जनार्दन पांडुरंग यांची मालमत्ता आईकडून त्यांच्याकडे आली होती. १८५६ च्या कायद्याने विधवेला पुनर्विवाहाची मोकळीक दिली होती, पण पुनर्विवाह करताच पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क जाईल अशी तरतूदही केली होती. मालमत्ता हातची जाऊ नये म्हणून मुलीला अडवून ठेवले आहे, असा दादाजींचा आरोप होता. तो खरा की खोटा यात मला जायचे नाही. मला दिसते ते एवढेच, की नांदण्याचा दावा आणि वारशाचा कागद तेव्हापासून एकाच घरात राहत आले आहेत. एकात बाई ‘येते’ की नाही हा प्रश्न, दुसऱ्यात ती ‘सोडते’ की नाही हा.

३

आता ‘शारदा’. गोविंद बल्लाळ देवलांचे हे नाटक १८९९ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. कांचनभट पैशाच्या लोभाने आपली कोवळी मुलगी भुजंगनाथ या म्हाताऱ्याला द्यायला निघतो. भद्रेश्वर दीक्षित मध्यस्थी करतो. शारदेला हे लग्न नको आहे. ते ती आईपाशी, मैत्रिणींपाशी बोलते, गाते. तिच्या तोंडची पदे शंभर वर्षे घराघरांत गायली गेली. मराठीतला लग्नाविषयीचा सर्वांत लोकप्रिय नकार शारदेचा आहे, यात वाद नाही.

पण लग्न मोडते कशाने? कोदंड ऐन वेळी उघड करतो की वधू आणि वर एकाच गोत्रातले आहेत. सगोत्र विवाह शास्त्राला मंजूर नाही, म्हणून विधी थांबतो. मुलीला नको आहे या कारणाने मांडवातले एकही माणूस जागचे हललेले नसते. गोत्राचे नाव निघताच सगळे हलतात. त्यानंतर शारदा जीव द्यायला जाते, कोदंड तिला वाचवतो आणि शंकराचार्यांच्या अनुज्ञेने दोघांचे लग्न होते.

वर्गात मी वर्षानुवर्षे याचे कौतुक केले. देवलांनी सनातन्यांच्या हत्यारानेच सनातन्यांना गप्प केले, असे मी सांगत असे. ते खोटे नाही. १८९९ चा प्रेक्षक मुलीच्या इच्छेसाठी लग्न मोडलेले पाहायला तयार झाला नसता. गोत्रासाठी मोडलेले पाहायला तो तयार होता. देवल नाटककार होते. प्रेक्षकाला हातचा घालवून त्यांना चालणार नव्हते. प्रेक्षकाने रडावे शारदेच्या इच्छेसाठी आणि पटवून घ्यावे गोत्राचे कारण, अशी दुहेरी सोय त्यांनी करून ठेवली.

पण सोयीची किंमत असते, ती कायद्याच्या इतिहासाने पुढे दाखवून दिली. १९२९ मध्ये बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला. तो हरबिलास सारडांच्या नावाने ओळखला जातो. मराठी माणसाला ‘सारडा’ ऐकताना ‘शारदा’ आठवली आणि कित्येकांनी नाटकाचा आणि कायद्याचा धागा जोडून टाकला. या कायद्याने मुलीचे किमान वय चौदा आणि मुलाचे अठरा ठरवले, लग्न लावणाऱ्याला शिक्षा ठेवली. पण लागलेले लग्न रद्द केले नाही. पुढे १९४६ मध्ये हिंदू विवाहातील अपात्रता दूर करणारा कायदा आला आणि सगोत्र विवाह वैध झाले. सुधारणा म्हणून ते योग्यच झाले. परंतु याचा अर्थ असा, की शारदेला ज्या एका कारणाने वाचवले ते कारणच सुधारणेने काढून घेतले. १९४७ सालच्या मांडवात कोदंडाने उभे राहून गोत्र सांगितले असते तर भटजींनी अंतरपाट खाली घेतला नसता. लग्न लागले असते आणि टिकलेही असते.

बाईचा नकार तांत्रिक कारणात लपवून ठेवला की ते कारण गेल्यावर तिच्या हाती काही उरत नाही. रखमाबाईंचा उपसर्ग आणि शारदेचे गोत्र ही एकाच जातीची कारणे आहेत.

४

यानंतरच्या साहित्याने हा नकार उघडपणे मांडला नाही का, असे कोणी विचारेल. मांडला. विभावरी शिरूरकरांची ‘हिंदोळ्यावर’ १९३४ ची. त्या वेळी ब्रिटिश हद्दीतल्या सामान्य हिंदू स्त्रीला कायद्याने घटस्फोट मिळत नव्हता. बडोदे संस्थानाने तो दिला होता, काही जातींत काडीमोडीची रूढी होती. पांढरपेशा घरातल्या बाईला मात्र वाट नव्हती. म्हणून त्या कादंबरीतली अचला लग्नाबाहेर घर मांडते, तेव्हा ती बंडखोरी जितकी असते तितकीच कायद्याने बंद केलेल्या दाराला शोधलेली पर्यायी वाटही असते. मुंबई प्रांतात हिंदू घटस्फोटाचा कायदा १९४७ मध्ये आला, देशासाठी १९५५ मध्ये. तोपर्यंत त्या कादंबरीवर अनीतीचा ठपका ठेवणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी हा साधा प्रश्न विचारला असेल, की तिने दुसरे काय करायचे होते?

आणि मग तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’. १९६७ साली ‘रंगायन’ने ते केले. गमतीचा खटला म्हणून सुरू झालेला खेळ बेणारेबाईंच्या खऱ्या आयुष्यावर येतो. आरोप भ्रूणहत्येचा, आणि शेवटी दिलेली शिक्षा काय, तर पोटातला गर्भ नष्ट करण्याची. आरोप आणि शिक्षा एकच, या विपरीताबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला दुसरी जागा महत्त्वाची वाटते. बेणारेला बोलायला मोजके सेकंद दिले जातात. ती बोलते, मराठी रंगभूमीवरच्या सर्वांत प्रसिद्ध स्वगतांपैकी एक बोलते. पण त्या वेळी कोर्ट गोठलेले असते. स्वगत संपते, कोर्ट पुन्हा हलू लागते आणि त्याच्या लेखी आरोपीने काहीच सांगितलेले नसते.

तेंडुलकरांनी हे रंगमंचीय युक्ती म्हणून केले असेल; पण ते मराठी बाईच्या दप्तरी इतिहासाचे अचूक चित्र झाले आहे. शारदेचा नकार प्रेक्षकांना ऐकू आला, मांडवाला नाही. बेणारेचा प्रेक्षकांना ऐकू आला, कोर्टाला नाही. देवलांनी ही फट झाकली होती, तेंडुलकरांनी ती उघडी ठेवली. म्हणून ‘शारदा’ पाहून प्रेक्षक डोळे पुसत समाधानाने घरी जाई, आणि ‘कोर्ट’ पाहून तसे जाता येत नाही. मला विचाराल तर कायदा समजून घ्यायला दुसरे नाटक जास्त उपयोगी आहे.

५

न्यायालये शब्द वाचत नाहीत असे मात्र नाही. कधी कधी ती समीक्षकापेक्षा बारकाईने वाचतात.

१९५६ च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यात मुलाचा नैसर्गिक पालक वडील आणि ‘त्यांच्यानंतर’ आई, असे म्हटले होते. कादंबरीकार गीता हरिहरन यांनी आपल्या अल्पवयीन मुलाच्या नावे रोखे घेताना पालक म्हणून स्वतःची सही केली. रिझर्व्ह बँकेने वडिलांची सही मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९९ मध्ये न्यायालयाने ‘नंतर’ या शब्दाचा अर्थ ‘वडिलांच्या मृत्यूनंतर’ इतकाच न घेता ‘वडिलांच्या अनुपस्थितीत’ असा लावला, आणि वडील मुलाच्या कारभारात लक्ष घालत नसतील तर तीही अनुपस्थितीच, असे मानले. एका अव्ययाच्या वाचनाने देशभरच्या आयांची सही चालू लागली. अर्थात न्यायालयाने शब्द ताणला, बदलला नाही. वडिलांचा पहिला क्रमांक कायद्यात तसाच राहिला.

आणि नांदण्याचा दावा? तो आजही हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये आहे. आदेश न मानणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची तरतूद १९२३ मध्ये गेली. मालमत्तेवर जप्ती आणता येते. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने टी. सरिता प्रकरणात हे कलम घटनाबाह्य ठरवले. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरोज राणी प्रकरणात ते वैध ठरवले. या दुसऱ्या प्रकरणाची हकीकत वाचताना मी थांबले. नांदण्याचा दावा तिथे बायकोने लावला होता. नवऱ्याने विरोध केला नाही. संमतीने हुकूमनामा झाला. वर्षभराने, आम्ही एकत्र राहिलो नाही, या कारणावर त्याच नवऱ्याने घटस्फोट मागितला आणि तो मिळाला. तिला नांदायचे होते म्हणून तिने जो कागद मिळवला, तोच तिला सोडण्याचे साधन झाला. कागदावर शब्द एकच होता, ‘संमती’.

मराठीत या विषयाची क्रियापदे तपासून पाहावीत. मुलगी ‘देतात’, ‘करून घेतात’, ‘उजवतात’. बायको ‘टाकतात’, ‘सोडतात’. ‘टाकलेली’ आणि ‘सोडलेली’ ही आपल्याकडे बाईची नावेच होऊन बसली. ‘टाकलेला’ पुरुष भाषेत नाही. सगळीकडे बाई कर्म आहे. ‘सोडणे’ या क्रियापदाची कर्ती ती होते तेव्हा ती माहेर सोडते, नोकरी सोडते आणि हक्क सोडते. व्याकरणाने तिला कर्तेपण दिले ते नेमके याच वाक्यांत.

६

आता माझा कागद.

वडील १९९५ मध्ये गेले. आमची जमीन आणि घर तळकोकणात, वडिलोपार्जित. मागे आई, मी आणि भाऊ. १९९६ ला मी भाऊबीजेसाठी गेले होते. भाऊ म्हणाला, “ताई, आलीच आहेस तर ते सहीचं काम उरकून घेऊ. परत हेलपाटा नको तुला.” मी हो म्हटले. भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर लगेचच्या कामाच्या दिवशी आम्ही तालुक्याला गेलो. ओवाळणीत साडी होती, ती मी नेसले होते. हे मी भावाला दोष द्यायला लिहीत नाही. तो तेव्हा ज्याला रीत म्हणत होता तिला मीही रीतच म्हणत होते.

कागदात आमचा उल्लेख ‘लिहून देणार’ असा आहे. त्यातले एक अक्षर आम्ही लिहिलेले नव्हते. तरी सगळा मजकूर प्रथमपुरुषी आहे: आम्ही, आमच्या, आम्हांस. दुसऱ्याने आपल्या तोंडी घातलेले भाषण, खाली आपली सही. नाटककार पात्राला बोलायला लावतो तेव्हा त्याचे नाव निदान मुखपृष्ठावर असते. इथे लेखक नोंदणी कचेरीबाहेरच्या टपरीत बसलेला होता आणि त्याच्याकडे हा मजकूर तयार होता. नावे, गट नंबर आणि चतुःसीमा तेवढ्या भरायच्या. आम्ही अक्कलहुशारीने, नशापाणी न करता, कोणाच्याही दडपणास बळी न पडता, बिनमोबदला आणि स्वखुशीने हक्क सोडत होतो. आयुष्यात चहासुद्धा दुसरा कप न घेणाऱ्या माझ्या आईने नशापाणी केलेले नाही, याची अशी लेखी ग्वाही होती.

वर्षानुवर्षे मी समजत होते की मला हक्क नव्हताच. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत सहदायाद केले, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळले. माझे लग्न १९८३ चे. केंद्राची दुरुस्ती २००५ ची आणि ती जन्मापासून लागू असल्याचा विनीता शर्मा प्रकरणातला निकाल २०२० चा. तेव्हा माझी सही म्हणजे केवळ उपचार, अशी माझी समजूत. दोन वर्षांपूर्वी कागद वाचताना पहिल्यांदा साधा प्रश्न सुचला. हक्क नव्हता तर सोडवून कशाला घेतला?

उत्तर १९५६ च्या वारसा कायद्यातच होते. वडील गेल्या क्षणी वाटणी झाली असे कल्पायचे, त्यात वडिलांना जो वाटा आला असता तो वारसांत सारखा वाटायचा, आणि मुलगी ही पहिल्या वर्गातली वारस. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुरुपाद मगदूम प्रकरणात ही रीत समजावून सांगितली. त्या कल्पित वाटणीत आईलाही मुलाइतका वाटा धरायचा, हेही त्यात आले. मी कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने गणित केले. वडील, आई, भाऊ: प्रत्येकी एक तृतीयांश. वडिलांच्या तृतीयांशाचे तीन वारस. माझा वाटा एक नवमांश.

राहत्या घरातल्या माझ्या भागाला तेव्हा आणखी एक कुंपण होते. कलम २३ प्रमाणे पुरुष वारस वाटणी करत नाहीत तोवर मुलीला घराची वाटणी मागता येत नसे. तिथे राहण्याचा हक्कही ती अविवाहित, विधवा, नवऱ्याने टाकलेली किंवा नवऱ्यापासून वेगळी झालेली असेल तरच. सुखाने नांदणाऱ्या मुलीला माहेरच्या घरात कायद्याने उंबऱ्याबाहेर उभे केले होते. हे कलम २००५ मध्ये रद्द झाले.

एक नवमांश ही काही मोठी गोष्ट नव्हती आणि ती सोडल्याचे मला आजही दुःख नाही. भावाने शेती राखली, आईवडिलांचे आजारपण काढले. कित्येक घरांत बहिणी माहेर तुटू नये म्हणून सही करतात, आणि त्या प्रेमाला खोटे म्हणण्याचा अधिकार मला नाही. सात-बाऱ्यावर ‘इतर अधिकार’ या रकान्यात बहिणींची नावे वर्षानुवर्षे पडून असतात. सही न करणाऱ्या बहिणीला गाव काय म्हणते तेही मी ऐकले आहे. खुशी आणि धाक यांच्यामधली ही जागा आहे, आणि तिच्यासाठी आपल्या कागदात शब्द नाही. म्हणून ‘स्वखुशीने’ चार वेळा लिहावे लागते.

पण गणित तिथे संपले नाही. पेन्सिल चालू होती म्हणून मी खालची ओळही केली. आईचा वाटा: स्वतःचा एक तृतीयांश आणि वडिलांच्या वाट्यातून एक नवमांश. एकूण चार नवमांश. भावाचाही तेवढाच. म्हणजे १९९५ पासून त्या घराची आणि जमिनीची माझी आई माझ्या भावाइतकीच मालक होती. कागदावर ‘लिहून देणार क्रमांक एक’ ती आहे. मी क्रमांक दोन. माझ्या एक नवमांशाची चर्चा प्रवासात, जेवताना, वकिलाकडे, सगळीकडे झाली. भावाने मला दोनदा विचारले, “ताई, तुझं मन नाही ना काही?” आईला कोणीच विचारले नाही. मीही नाही.

आई चौथी शिकलेली. दिवाळी अंक आला की ती चष्मा लावून पहिल्या पानापासून जाहिरातींसकट वाचायची. तो कागद तिच्यापुढे वाचायला कोणी ठेवला नाही. कारकुनाने विचारले, खुशीने देताय ना? तिने माझ्याकडे पाहिले, मी मान हलवली, तिनेही हलवली. मग तिने विचारले, “कुठं करायची?” आणि दाखवलेल्या जागी आपले पूर्ण नाव, वळणदार, सावकाश लिहिले. त्या साडेतीन पानांत तिच्या हातचे तेवढेच आहे.

त्यानंतर ती बावीस वर्षे त्या घरात राहिली. भावाने, वहिनीने तिला नीट सांभाळले. पण मी मे महिन्यात निघताना तिला आंब्याची पेटी द्यायची असायची, तेव्हा ती म्हणे, “थांब, त्याला विचारते.” मला ते आईचे भिडस्तपण वाटायचे. चार नवमांशांची मालकीण आपल्याच झाडाचे आंबे द्यायला विचारत होती, हे मला पेन्सिलीने गणित करेपर्यंत दिसले नाही.

७

समीक्षेने स्वतःच्या वाचनाची झडती घ्यावी, म्हणून हे सांगितले. शारदेच्या नकाराकडे तिच्या मांडवाने दुर्लक्ष केले असे मी वर्गात तावातावाने सांगत होते. त्याच वर्षांत एका होकाराच्या वेळी मी स्वतः मांडवात उभी होते आणि मान हलवणारी मीच होते. आईने नाही म्हटले असते, असे मी म्हणत नाही. बहुधा तिने सगळे भावालाच दिले असते. पण तो तिचा निर्णय झाला असता. दोन हजार रुपये देऊन का होईना, रखमाबाईंना आपण काय सोडवून घेतो आहोत हे ठाऊक होते. आईला आपण काय सोडतो आहोत हे ठाऊक नव्हते. न कळलेल्या गोष्टीला खुशी असू शकते का, हा प्रश्न कायद्याने विचारायला हवा, आणि साहित्याच्या वाचकानेही.

उपाय म्हणून मला मोठे काही सुचत नाही. हक्कसोडपत्रात वाटा आकड्यात लिहिणे सक्तीचे करावे: ‘सर्व हक्क, हितसंबंध’ असे मोघम न लिहिता ‘चार नवमांश’ असे. लिहून देणाऱ्या बाईला तो कागद आधी घरी नेऊन वाचू द्यावा. आणि ‘स्वखुशीने’च्या जागी दोन ओळी कोऱ्या सोडाव्यात, तिच्या हाताने, तिच्या शब्दांत भरायला. काही बाया तिथे ‘स्वखुशीने’ असेच लिहितील. मग तो शब्द निदान त्यांचा असेल.

गेल्या भाऊबीजेला मी भावाला ते गणित दाखवले. त्याने कागद बराच वेळ पाहिला. मग म्हणाला, “ताई, मी पण वाचलं नव्हतं गं. वाचायचं असतं हे कोणी सांगितलंच नाही.” वहिनी आतून चहा घेऊन आली होती. तिने विचारले, “कुणाचे चार नवमांश?” त्याने उत्तर दिले नाही, कागद तिच्या हातात दिला. ती उभ्या उभ्या पहिल्या पानापासून वाचू लागली.